मुक्त ज्ञान आणि ग्रंथपालाची नोंदवही



ग्रंथालयात विकत घेतलेल्या पुस्तकाबरोबर त्याचे बिल येते. बिलावरून दाखल नोंदवहीत त्याला क्रमांक पडतो, मग वर्गांक लागतो, तालिकेत नोंद होते, आणि एवढे सोपस्कार उरकून ते फडताळात उभे राहिले म्हणजे मागणाऱ्या वाचकाच्या हाती ते पडेल अशी हमी ग्रंथपाल देऊ शकतो. परंतु जे संशोधन कोणतेही मूल्य न घेता सर्वांस वाचावयास खुले झाले आहे, त्याला बिल नाही म्हणून दाखल क्रमांक नाही, आणि दाखल क्रमांक नाही म्हणून आपल्या दप्तरी त्याचे अस्तित्वच नाही, अशी आज अनेक महाविद्यालयांची स्थिती आहे. फुकट मिळालेल्या साहित्याची निगा विकतच्या साहित्याहून अधिक राखावी लागते, हेच आज मला आपणांपुढे मांडावयाचे आहे.

या मुक्ततेला आता बराच इतिहास झाला. 1991 मध्ये पॉल गिन्सपार्ग या पदार्थवैज्ञानिकाने संशोधकांचे लेख छापून येण्यापूर्वीच परस्परांना वाचता यावेत म्हणून अमेरिकेत 'अर्काइव्ह' हा संग्रह उभारला. 14 फेब्रुवारी 2002 रोजी बुडापेस्टच्या जाहीरनाम्याने 'ओपन अ‍ॅक्सेस' या कल्पनेची व्याख्या केली. आणि त्याच वर्षी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने आपल्या संशोधकांच्या लेखांसाठी स्वतःचा संग्रह सुरू केला. पुढे 2009 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनी पीएच.डी.चे प्रबंध इलेक्ट्रॉनिक स्वरूपात सादर करण्याचे बंधन घातले, आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या 'शोधगंगा' या संग्रहात आज देशभरातील लाखो प्रबंध वाचावयास मिळतात.

येथवर सारे शुभ आहे; अडचण उद्भवते ती शोधू लागल्यावर. आमच्या ग्रंथालयात वारकरी संप्रदायावर काम करणारी एक विद्यार्थिनी आली. संगणकावर तिने देवनागरीत 'ज्ञानेश्वर' असे लिहिले, मोजक्याच नोंदी समोर आल्या, आणि या विषयावर फारसे काम झालेले नाही असा ग्रह करून घेऊन ती निघाली होती. तिला थांबवून तेच नाव आम्ही रोमन लिपीत लिहून पाहिले. कोणी ते 'जे' या अक्षराने आरंभिले होते, कोणी मराठी उच्चाराला अनुसरून 'डी'ने, तर कोणी हिंदी वळणाने 'जी'ने. आणि अक्षर बदलावे तसतशी प्रबंधांची निराळीच यादी उघडत गेली. प्रबंध तेथे होते, दारही उघडे होते. नोंद करणाऱ्याने लिहिलेले नाव आणि वाचकाच्या मनातील नाव यांची भेट तेवढी झाली नव्हती. एका नावाची सर्व रूपे परस्परांशी जोडणारी प्रमाण नोंद करणे हे ग्रंथपालाचे जुनेच काम आहे, आणि यंत्र कितीही वेगवान झाले तरी मूळ नोंदीत जे नाही ते त्याच्या हाती लागणे दुरापास्तच.

शोधाइतकीच पारखही आवश्यक आहे. लेखकाकडून पैसे घेऊन, तज्ज्ञांकडून परीक्षण न करविताच वाटेल ते छापणारी नियतकालिकेही 'मुक्त' हेच नाव धारण करतात. म्हणून 2003 मध्ये स्वीडनमधील लुंड विद्यापीठात आरंभ झालेल्या मुक्त नियतकालिकांच्या निर्देशिकेसारखा विश्वसनीय दाखला पाहिल्यावाचून कोणतेही नियतकालिक आपल्या यादीत घेऊ नये. लेखाचा स्थायी निर्देशांक नोंदवावा, कारण साधा पत्ता कालांतराने निकामी होतो. मजकूर लेखकाचा खर्डा आहे की अंतिम प्रत, आणि पुनर्मुद्रणाची परवानगी कितपत आहे, हा तपशीलही लिहून ठेवावा.

केंद्र शासनाने संशोधन-नियतकालिकांच्या 'एक राष्ट्र, एक वर्गणी' या योजनेसाठी 2025 ते 2027 या तीन वर्षांकरिता 6,000 कोटी रुपये मंजूर केले, हे स्वागतार्हच आहे. तथापि वर्गणीने मिळणारा प्रवेश वर्गणीच्या मुदतीशी बांधलेला असतो, आणि मुक्त साहित्याला अशी मुदत नसते. वाचकाचा वेळ वाचविणे हा ग्रंथालयाचा धर्म असल्याचे ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. रंगनाथन यांनी 1931 मध्येच आपल्या पंचसूत्रीत सांगितले. त्या धर्मातून विनामूल्य साहित्य वगळलेले नाही.

म्हणून माझी विनंती दोघांना आहे. संशोधकांनी आपला प्रबंध सादर करताना शीर्षक आणि विषयशब्द देवनागरीत व रोमन लिपीत, दोन्ही प्रकारे, काळजीपूर्वक लिहून द्यावेत. आणि प्राचार्यांनी ग्रंथपालाच्या कामाच्या तासांतील एक तास मुक्त साहित्याच्या नोंदींसाठी राखून ठेवावा. त्या एका तासात पारखून केलेल्या चार नोंदीसुद्धा पुढे येणाऱ्या विद्यार्थ्याला रिकाम्या हाताने परत जाऊ देणार नाहीत.