वालधुनीचे पाणी आणि घरची चूल



जुबिलीच्या या मंगल प्रसंगी देवाची उपकारस्तुती करावी हे उचितच. परंतु आपल्या वस्तीतून वाहणाऱ्या वालधुनीविषयी मौन धरून ती करणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. अंबरनाथच्या डोंगरांतून निघून, इ. स. १०६० च्या शिवालयाजवळून ही नदी उल्हासनगरात येते, आणि तेथे तिला नदी म्हणताना जीभ अडखळते.

नोव्हेंबर २०१४ मध्ये टँकरमधील रसायन तिच्या पात्रात ओतले गेले. विषारी वायूने काठावरील शेकडो लोकांना रुग्णालयात न्यावे लागले. २०१५ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने उल्हास व वालधुनी दूषित केल्याबद्दल सुमारे ९५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. पुढे जीन्स धुण्याचे कारखानेही बंद पडले.

न्याय झाला, असे आम्ही वेदीवरून मोठ्या समाधानाने सांगितले. मिस्सा आटोपल्यावर एक बाई आमच्यापाशी आली. "फादर, नदीचे बरे झाले. पण आमच्या माणसाचा पगार बुडाला. खोलीचे भाडे कोण भरणार?" आम्ही निरुत्तर झालो. त्या वायूच्या वेळी हिच्याच लेकराला रुग्णालयात न्यावे लागले होते!

नदीकाठी राहणारा आणि कारखान्यात राबणारा असे दोन पक्ष आम्ही मनाशी कल्पिले होते. माणूस मात्र एकच निघाला. परमगुरु फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रात धरणीचा आणि गरिबाचा आक्रोश एकत्र ऐकावयास सांगितले, तेही आम्ही वाचले होते. वाचणे निराळे!

रंगाचे पाणी शुद्ध करण्यास खर्च येतो. चार यंत्रांच्या छपरीला तो एकटीने झेपत नाही. अनेकांनी मिळून सामाईक शुद्धीकरण केंद्र चालवावे लागते, आणि तो खर्च विजारीच्या किमतीत धरावा लागतो. व्यापारी तो देत नाही, म्हणून तो नदीवर पडतो. कारखान्यास टाळे लागले की मजुरावर. तोच धंदा शेजारच्या खेड्यात उघडला, तर नाला बदलला, इतकेच.

नव्या घंटेसाठी वर्गणी जमत आहे. तिच्यातील काही भाग बेकार झालेल्या कुटुंबांच्या भाड्यासाठी राखावा, असे आम्ही धर्मग्राम समितीस विनविले आहे. घंटा वर्षभर थांबेल. आपल्यापैकी जे कारखानदार आहेत, त्यांच्या घरी आम्ही येत्या आठवड्यात स्वतः जाणार आहोत. चहा नको, सांडपाणी कोठे सोडता, एवढे दाखवावे.