निगेटिव्ह केवढी हवी?

फिल्मवर काम करायचं तर कॅमेरा कोणता घ्यावा, निकॉन की पेंटॅक्स, यॅशिका की मामिया, असं मला अजून विचारतात. हल्ली जुने कॅमेरे हौसेनं घेणारी तरुण मुलंच जास्त विचारतात. मी म्हणतो, आधी काम सांगा, मग उजेड सांगा. कंपनीचं नाव शेवटी.

आमच्या जुन्नर-आंबेगावातलं लग्नच घ्या. मांडव दारात, मुहूर्त भर दुपारचा. उन्हात उभ्या नवरीच्या डोळ्यांखाली मुंडावळ्यांची काळी सावली पडते. ती घालवायला उन्हातसुद्धा फ्लॅश मारावा लागतो. पेंटॅक्स के १००० चं पडद्याचं शटर फ्लॅशबरोबर सेकंदाच्या ६० व्या भागापेक्षा जलद चालत नाही. १०० स्पीडच्या फिल्मवर मग छिद्र एफ २२ इतकं बारीक करावं लागतं, आणि फ्लॅशचा उजेड चार पावलांतच संपतो. यॅशिका मॅट १२४ जी हा दोन भिंगांचा कॅमेरा. त्याचं शटर लेन्सच्या पोटातच असतं, ते ५०० व्या भागालाही फ्लॅश पकडतं. छिद्र एफ ८ वर येतं आणि तोच फ्लॅश पावणेतीन पट लांब पोचतो. निकॉन एफएम २ या दोहोंच्या मधला. १९८२ साली आला तेव्हा २०० वा भाग, पुढे २५० वा.

यॅशिकाची खोड दुसरीच. छातीशी धरून वरून पाहायचं, त्यात डावं-उजवं उलटं दिसतं. शिवाय रोलमध्ये फोटो १२ च. अक्षता पडायच्या वेळी रोल संपणं म्हणजे काय, हे ज्यानं भोगलंय त्यालाच कळेल! पस्तीस मिलिमीटरच्या रोलमध्ये ३६.

विठाबाईंच्या नारायणगावात रात्री तमाशाचा फोटो काढायचा असेल, तर मात्र यॅशिका घरी ठेवा. तिची लेन्स एफ ३.५ ची. निकॉनची साधी ५० मिलिमीटरची एफ १.८ तिच्या जवळजवळ चौपट उजेड आत घेते. जिथे यॅशिकाला १५ वा भाग लागतो, तिथे निकॉनला ६० वा पुरतो. घुंगरू बांधलेले पाय १५ व्या भागात कुठले थांबायला!

नाणेघाटातल्या लेण्यात आणखी निराळं. भिंतीवरची ब्राह्मी अक्षरं झिजलेली, समोरून फ्लॅश मारला की पुसल्यासारखी होतात. फ्लॅश कॅमेऱ्यापासून लांब, भिंतीला जवळजवळ घासून धरला की प्रत्येक खाचेत सावली उतरते. वाइड लेन्सनं भिंत मावते खरी, पण कडेची अक्षरं ताणली जातात. म्हणून मी ५५ मिलिमीटरची मायक्रो निक्कोर लावतो, कॅमेरा तिपाईवर भिंतीला समांतर ठेवतो आणि लेख तुकड्यातुकड्यांनी घेतो. दोन भिंगांच्या कॅमेऱ्यात पाहायचं भिंग वर, टिपायचं खाली. जवळून काढताना वरची ओळ हमखास कापली जाते.

भीमाशंकराच्या पावसाबद्दल एवढंच सांगतो, की चामड्याच्या पेटीत लेन्स ठेवू नका, बुरशी धरते. जुनी लेन्स घेताना आरपार बॅटरी मारून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं, तर कितीही स्वस्त असो, परत द्या.

हे सगळं ऐकून कुणी म्हणेल, मग पस्तीस मिलिमीटरच बरा. डिंभे धरणात बुडालेल्या जुन्या आंबेगावातलं एक कुटुंब माझ्याकडे आलं होतं. सोबत घरातल्या लग्नाची एकच निगेटिव्ह, यॅशिकासारख्याच कॅमेऱ्यातली, सहा बाय सहा सेंटिमीटरची. त्यांना नवरा-नवरी नको होते, मागचं दार हवं होतं. घराचा दुसरा फोटो नव्हता. या निगेटिव्हचं क्षेत्रफळ पस्तीसच्या साडेतीन पटींहून जास्त, म्हणून मी नुसता दाराचा कोपरा वाढवू शकलो. चौकट, कडी, शेजारची दिवळी, सगळं आलं. पस्तीसवर तिथे नुसते दाणे दिसले असते.

आजी बराच वेळ फोटो हातात धरून होत्या. मग दिवळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "इथं कंदील असायचा." मुलगा म्हणाला, "लग्नाला गॅसबत्त्या आणल्या होत्या ना, आई. तेव्हा तो आत नेऊन ठेवला असणार."