क्रोशाची बाजाराची पिशवी
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला विणकामावर दोन शब्द बोलायला सांगितले आहे. भाषणाची सवय नाही, म्हणून ही पिशवीच सोबत आणली आहे.

आपण क्रोशाने तोरणे विणतो, रुमाल विणतो. ही शोभेची कामे. २०१८ साली आपल्या राज्यात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तेव्हा वाटले, बाजाराची मोठी पिशवी का विणू नये? सवयीप्रमाणे पांढऱ्या दोऱ्याची खांब-साखळ्यांची सुरेख जाळी घातली. २२ दिवस लागले. मंचरला ५ किलो बटाटे घेतले आणि नारायणगावच्या एस.टी.त चढले. पिशवी ताणून गुडघ्याखाली लोंबली, भोके रुंदावली आणि बटाटे गाडीभर घरंगळले. लोक हसले. मी मान वर केली नाही.

घरी आल्यावर ती बंबात घालणार होते. सासूबाई म्हणाल्या, "अगं, दोरा कुठे वाईट आहे? वीण चुकली. उसव." २२ दिवसांचे काम एका दुपारी उसवले.

दुसऱ्या खेपेस जाळी टाळली. लाल दोरा तेवढा नवा आणला. त्याचा रंग जातो का, हे आधी भिजवून पाहिले. लांबट तळ विणून तो वाढवीत फेरीला १२० टाके केले. एका शंकरपाळ्याला १२ टाके, म्हणजे १० शंकरपाळे बरोबर बसतात. सातवीपर्यंत घोकलेला पाढा इथे कामी आला. पुढे टाके न वाढवता आखूड टाक्यांनी गोल वर चढायचे. एका रंगाने विणताना दुसरा दोरा मागे मोकळा सोडायचा नाही; टाक्यांच्या पोटातून न्यायचा. त्याने वीण जाड होते, फारशी ताणत नाही. शंकरपाळे किंचित कलतात, त्याची काळजी नको. बंद मात्र नुसते काठाला टाचू नयेत. त्यांना आतून जुन्या लुगड्याच्या काठाची पट्टी लावावी आणि ते तळाखालून फिरवून घ्यावेत.

ही पिशवी आजही बाजार वाहते आहे. बघणारी शंकरपाळ्यांचे कौतुक करते. भार पेलायला मदत होते ती पोटातल्या न दिसणाऱ्या दोऱ्याची. सासूबाई आता नाहीत. पण त्यांनी जाळू दिला नाही तो पांढरा दोरा हाच.

ज्यांना शिकायचे असेल त्यांनी सुई आणि दोन रंगांचा दोरा घेऊन दुपारी मंडळात यावे. चुकले तर उसवू.