भ्रमर नव्हे, भ्रमरी



ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायातला भ्रमर आपणा सर्वांच्या ओळखीचा आहे. कोरडे लाकूड भेदणारा तो कोवळ्या कळीत मात्र अडकून पडतो. लाकूड पोखरणारा हा भुंगा आपल्या बेळगाव-शहापूरच्या जुन्या घरांच्या वाशांत आजही राहतो. शास्त्रीय नाव झायलोकोपा. त्यातला ठसठशीत म्हणजे काळाभोर, निळ्या-हिरव्या चकाकीच्या पंखांचा. माउलींच्या निरीक्षणात मी एवढीच भर घालतो की कोरण्याचे काम भ्रमरी करते.

पोळे, राणी, कामकरी माश्या असा पसारा हिच्याकडे नाही. एकटीच जबड्याने बोटाएवढे गोल भोक पाडते, थोडे आत जाऊन वळते आणि लाकडाच्या रेषेने बोगदा कोरत जाते. लाकूड ती खात नाही. भुसा खाली पडतो, त्यावरून घरच्या बाईला सुगावा लागतो. बोगद्याच्या टोकाशी पराग आणि मकरंद मळून लाडू ठेवते, त्यावर एकच अंडे घालते आणि भुशात लाळ कालवून पडदा उभा करते. मग पुढची खोली. अंडी मोजकी, पण कीटकांच्या मानाने प्रचंड. काही जातींत दीड सेंटिमीटरची. बहुतेक एकांड्या माश्यांत आई पिल्लांचे तोंड पाहण्याआधीच मरते. ही जगते, आणि वाढलेल्या मुलांनाही काही काळ त्याच बोगद्यात भरवते.

तेव्हा भोकात सिमेंट भरणे किंवा रॉकेल ओतणे म्हणजे नांदते घर बुजवणे. भुंगा चावेल म्हणून घाबरलेली माणसे दवाखान्यात येतात. तोंडासमोर घिरट्या घालतो तो बहुधा नर, आणि नराला नांगीच नसते. मादीला असते, पण मुठीत धरल्याशिवाय ती सहसा डंख करीत नाही.

वांग्याच्या फुलातला पराग केसराच्या टोकाच्या छिद्रातून बाहेर पडतो. भ्रमरी फूल धरून अंग थरथरवते आणि पराग झडतो. पोळ्यातल्या मधमाशीला हे जमत नाही. (मी जैन, वांगे खात नाही. तरी भरल्या वांग्याची बाजू मांडतो आहे!)

तेच बोगदे वर्षानुवर्षे वाढवले गेले की वासा कमजोर होतो, हे खरे. म्हणून नव्या लाकडाला आधीच रंग द्या. रंगवलेले लाकूड ती सहसा टाळते. शिवाय परसात पांगाऱ्यासारख्या नरम लाकडाचा वाळका ओंडका वळचणीखाली आडवा बांधा. पावसात भिजू देऊ नका. तिला लाकूड कोरडेच लागते.