विकतचा ग्रंथ आणि वाचकाचा अधिकार

राजधानीतील मंडी हाऊसच्या चौकातून इंडिया गेटच्या दिशेने जाणाऱ्या रस्त्याला कोपर्निकसचे नाव दिलेले आहे. दूरदर्शन भवन आणि जुने महाराष्ट्र सदन याच मार्गावर असल्यामुळे दिल्लीस येणाऱ्या पुष्कळ मराठी माणसांना तो परिचित आहे. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, असे मांडणारा कोपर्निकसचा ग्रंथ १५४३ साली छापला गेला. १६१६ मध्ये रोमच्या धर्मपीठाने दुरुस्त्या होईपर्यंत त्यावर बंदी घातली आणि कोणता मजकूर बदलावयाचा, याची यादी १६२० मध्ये प्रसिद्ध केली. परंतु तो खोडावयाचा कोणी? ज्याच्या घरी प्रत, त्याने! इटलीतील पुष्कळ प्रतींवर शाईचे फराटे आढळतात. इटलीबाहेरच्या बहुतेक प्रती मात्र जशाच्या तशा राहिल्या. ग्रंथ एकदा वाचकाच्या फडताळात गेला, की सत्तेचा हातही तेथवर सहजासहजी पोहोचत नसे.

आता २००९ सालची गोष्ट पाहा. त्या वर्षीच्या जुलैमध्ये ॲमेझॉन कंपनीने जॉर्ज ऑर्वेल यांच्या दोन कादंबऱ्यांच्या विकलेल्या प्रती ग्राहकांच्या 'किंडल' यंत्रांतून दुरूनच पुसून टाकल्या. विकणाऱ्यापाशी प्रकाशनाचा हक्क नव्हता, हे खरे. पैसे परत मिळाले, कंपनीच्या प्रमुखांनी क्षमाही मागितली. तरी प्रश्न उरलाच : पैसे मोजून घरी आणलेल्या या यंत्राचा धनी कोण?

काही वाचकांनी या प्रश्नाचे उत्तर स्वतःच्या हातांनी दिले आहे. यंत्रातील एखादी फट शोधून ते कंपनीचे कुलूप उघडतात आणि आपल्या पसंतीची प्रणाली आत बसवितात. 'तुरुंग फोडणे' असेच नाव या खटाटोपाला पडले आहे. जानेवारी २०२५ मध्ये 'विंटरब्रेक' नावाची अशी एक वाट जाहीर झाली. कंपनीने पुढच्या आवृत्तीत ती बुजविली. या वाटेने बहुधा 'कोरीडर' ही मोफत वाचनप्रणाली आणली जाते. मराठी वाचकाला तिचे प्रयोजन काय? किंडलवर मराठी पुस्तके डिसेंबर २०१६ पासून अधिकृतपणे मिळू लागली. परंतु आपले जुने वाङ्मय बव्हंशी पानांच्या छायाचित्रांच्या रूपातच उपलब्ध आहे. सहा इंची पडद्यावर त्यातील अक्षरे मुंगीएवढी दिसतात. कोरीडर त्या ओळी तोडून, मोठ्या करून, पुन्हा जुळवून दाखविते. साठी उलटलेल्या डोळ्यांना हा लाभ लहान नव्हे.

मग हे कायद्याला धरून आहे काय? नियम राबविण्यातच ज्याची हयात चालली आहे, त्याला हा प्रश्न टाळता येत नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमात २०१२ मध्ये कलम ६५-अ घालण्यात आले. हक्काच्या रक्षणासाठी लावलेले तांत्रिक कुलूप, त्या हक्काचा भंग करण्याच्या हेतूने तोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दंड त्यात सांगितला आहे. येथे 'हेतू' हा शब्द कळीचा आहे. वाचनाची सोय म्हणून स्वतःच्या यंत्राची प्रणाली बदलणे वेगळे, आणि लेखकाचे पुस्तक फुकट वाटण्यासाठी त्याचे कुलूप तोडणे वेगळे, असे मला वाटते. एक हजार प्रती खपल्या तरी समाधान मानणाऱ्या मराठी लेखकाचे मानधन बुडविणे, याला वाचकाचा अधिकार म्हणता येणार नाही.

शिवाय या वाटेने जाणाऱ्याने हेही जाणावे, की कंपनीची हमी संपुष्टात येऊ शकते आणि एखादी चूक झाल्यास यंत्र कायमचे मुके होण्याचा संभव असतो.

तरीही दोष केवळ कुलूप उघडणाऱ्याच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. विकत घेतलेली पुस्तके संगणकावर उतरवून तारेने यंत्रात नेण्याची सोय ॲमेझॉनने २६ फेब्रुवारी २०२५ पासून बंद केली. छापील ग्रंथावर आपण नाव घालतो, समासात टिपणे करतो, तो मित्राला देतो, मुलांसाठी मागे ठेवतो. यांपैकी कोणते अधिकार ग्राहकाला मिळतात आणि कोणते नाहीत, हे विक्रीच्या वेळीच स्वच्छ मराठीत सांगितले गेले पाहिजे. वाचकाला आपल्या घरच्या ग्रंथाचे धनीपण सरळ मार्गाने मिळाले, तर तुरुंग फोडण्याची भाषा आपोआपच मागे पडेल.