दुधावाचून आइस्क्रीम

कोजागिरीच्या रात्री गच्चीवर आटीव दुधाचे पातेले चांदण्यात ठेवलेले असते, पेले भरले जात असतात, आणि घरातील एखाद्या मुलाच्या हाती मात्र सरबत दिलेले असते. त्यास दूध सोसत नाही. दुधातील साखर पचविणारे लॅक्टेज नावाचे पाचकद्रव्य पुष्कळांच्या आतड्यात बालपणानंतर कमी होत जाते; मग दुधाने पोट फुगते, मुरडा येतो. काहींना दुधातील प्रथिनांचेच वावडे असते, व तो प्रकार अधिक जपण्याचा होय. कारण कोणतेही असो, सर्वांच्या देखत वेगळी वाटी हाती येणे हे लहान वयात मनाला फार लागते. सर्वांनी एकाच भांड्यातून घ्यावे असे आइस्क्रीम दुधावाचून घरी होते. आणि त्यास उत्तम वस्तू म्हणजे काजू.

आइस्क्रीमचा मऊपणा दुधामुळे येतो अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी. पाणी गोठताना त्याचे मोठे स्फटिक झाले की जिभेला खरखर लागते. ते बारीक ठेवण्याचे काम स्निग्धांश, साखर आणि सतत ढवळणे ही तिन्ही मिळून करतात. काजूत वजनाच्या शेकडा सुमारे ४४ भाग स्निग्धांश असतो. शिवाय त्यात बऱ्यापैकी पिष्ट असते. ते शिजले म्हणजे मिश्रणास आपोआप दाटपणा येतो. मूळचे ब्राझीलमधील हे झाड सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी गोव्यास आणले. ओल्या काजूंची उसळ करणाऱ्या कोकणास त्याचा हा गुण नव्याने सांगावयास नको.

प्रमाण असे : काजू २५० ग्रॅम, पाणी ६५० मिलिलिटर, साखर १५० ग्रॅम, चिमूटभर मीठ. अख्खे काजू घेण्याचे कारण नाही. तुकडा स्वस्त पडतो व वाटल्यावर दोन्ही सारखेच. काजू चार तास भिजवून ते पाणी टाकून द्यावे, आणि मोजलेले पाणी थोडथोडे घालीत अगदी गंधासारखे वाटावे. येथे आळस केल्यास पुढे काही उपाय नाही. बोटांच्या चिमटीत कण लागेनासा झाला म्हणजे साखर-मीठ घालून मिश्रण मंद आचेवर सारखे ढवळीत ठेवावे. पाच-सहा मिनिटांत ते पळीच्या पाठीवर बसू लागते. तेवढ्यावर उतरवावे, कारण तळाशी लागलेल्या काजूचा वास कोणत्याही केशराने झाकत नाही. या हिशेबाने मिश्रणात शेकडा सुमारे दहा भाग स्निग्धांश येतो, म्हणजे दुधाच्या आइस्क्रीमइतकाच.

साखर कमी करण्याचा मोह अनेकांना होतो. परंतु साखर केवळ गोडीसाठी नसते. तिच्यामुळे सगळे पाणी एकदम गोठत नाही. ती फार कमी केली तर विटेसारखा गोळा हाती येतो. शिवाय थंड पदार्थाची गोडी जिभेस कमी जाणवते, म्हणून न गोठविलेले मिश्रण किंचित अधिक गोडच लागावयास हवे.

मिश्रण रात्रभर शीतकपाटात ठेवून मग गोठवावे. ज्यांच्याकडे लाकडी बादलीचा, हाताने फिरवावयाचा पॉट आहे त्यांनी चार भाग बर्फास एक भाग जाडे मीठ घालावे. मिठाने बर्फ वितळू लागतो व त्यासाठी लागणारी उष्णता भोवतालातून ओढून घेतो. त्यामुळे शून्याच्या बऱ्याच खाली थंडी पोहोचते. अशा फिरत्या यंत्राचे पेटंट फिलाडेल्फिया येथील नॅन्सी जॉन्सन या बाईंनी १८४३ मध्ये घेतले. पॉट नसल्यास उथळ थाळीत गोठवून, तीन तासांनी तुकडे करून मिक्सरमधून फिरवावे व पुन्हा गोठवावे. असे दोनदा केल्यास पुरे.

बदाम घेतल्यास सोलून घ्यावेत. त्यात पिष्ट नाममात्र, म्हणून चमचाभर आरारूट पाण्यात कालवून शिजविताना घालावे. सिसिलीत बदामाच्या दुधाचा ग्रॅनिटा करतात, पण तो मुद्दामच रवाळ राखलेला असतो. शेंगदाणे खमंग भाजून सोलावेत. गुळाशी त्यांचे चांगले जमते, मात्र वेलदोडा तेथे शोभत नाही. नारळाचा दाट रस एकटा वापरू नये. त्याचे तेल थंडीत घट्ट होऊन टाळूस मेणासारखे चिकटते. अर्धा काजू मिसळला म्हणजे तो दोष जातो. हापूसचा रस घालावयाचा असल्यास तेवढे पाणी कमी करावे, आणि रस मिश्रण निवल्यावरच घालावा.

एक खबरदारी मात्र विसरू नये. काजू-बदाम किंवा शेंगदाणे यांचेही कित्येकांना वावडे असते, आणि ते कधी कधी जिवावर बेतते. म्हणून पाहुण्यांपुढे वाटी ठेवण्यापूर्वी त्यात काय आहे हे स्पष्ट सांगावे. वाढण्यापूर्वी दहा मिनिटे भांडे बाहेर काढून ठेवावे. तेवढ्यात चमचा सहज रुततो.