हातातला कॅमेरा

(हीरकमहोत्सवानिमित्त भरलेल्या जुन्या छायाचित्रांच्या प्रदर्शनात माजी विद्यार्थी व पालक यांच्यासमोर झालेले भाषण)



शाळेची साठ वर्षे आज या सभागृहाच्या भिंतींवर लागली आहेत. यांतली थोडीच छायाचित्रे व्यावसायिक छायाचित्रकारांनी काढलेली आहेत. बाकीची जबलपूरच्या मराठी घरांतल्या ट्रंकांतून, देवघराखालच्या कपाटांतून, काळ्या पानांच्या आणि चिकटवलेल्या कोपऱ्यांच्या आल्बममधून आली. ती ज्यांनी काढली त्यांत रेल्वेतले कारकून होते, गन कॅरेज फॅक्टरीतले कामगार होते, शिक्षक होते. जबलपूरच्या मराठीत सांगायचे तर त्यांनी हे फोटो ‘खेचले’. पुण्या-मुंबईचे पाहुणे या क्रियापदाला हसतात, त्यांना हसू द्यावे.

ही छायाचित्रे कशाने काढली गेली, याकडे लक्ष द्यावे. चौरस आकाराची बरीचशी चित्रे ‘आग्फा क्लिक थ्री’सारख्या साध्या कॅमेऱ्याची आहेत. हा कॅमेरा बडोद्याला तयार होत असे. १२० क्रमांकाच्या एका फिल्मवर बारा चित्रे निघत. ऊन आणि ढगाळ हवा अशा खुणांपलीकडे त्यात बदलण्यासारखे फारसे काही नव्हते. भिंग एका जागी पक्के बसवलेले होते, त्यामुळे माणूस फार जवळ आला की चेहरा अंधुक होई. छायाचित्र घेणाऱ्याला पाच-सहा पावले मागे सरावेच लागे.

त्या पाच-सहा पावलांनी केवढे काम केले, ते या भिंतींवर दिसते. मुलगी बक्षिसाचा पेला घेऊन उभी आहे. तिच्यामागे शाळेचा जुना व्हरांडा, खांबाला टेकवलेली सायकल, पाण्याचे मडके आणि कडेला पदर सावरत उभ्या असलेल्या सेविकाबाईही आल्या आहेत. चेहरा जवळून घेता आला असता तर यातले काहीच उरले नसते. आज त्या व्हरांड्याच्या जागी दुमजली इमारत आहे आणि व्हरांडा कसा होता हे सांगणारा पुरावा म्हणजे हे एक चित्र. कॅमेऱ्याची उणीव होती, तीच आज शाळेच्या इतिहासाची ठेव झाली आहे.

आता आजची स्थिती पाहावी. या सभागृहात बसलेल्या जवळजवळ प्रत्येक पालकाच्या खिशात त्या डब्यापेक्षा कितीतरी समर्थ कॅमेरा आहे. तरीही घराघरांतून एक वाक्य ऐकू येते: ‘चांगला कॅमेरा घेतला की मग.’ मग भेडाघाटला जायचे, मग आजीच्या हातचे पुरण वाटताना टिपायचे, मग जुना वाडा पाडण्यापूर्वी त्याची छायाचित्रे घ्यायची. मुले दुकानाच्या काचेपुढे उभी राहून भिंगांची मापे तोंडपाठ म्हणतात आणि वडील मासिक हप्त्याचा हिशेब करतात. कॅमेरा येतो, वर्षभरात त्याच्यापुढचा नमुना बाजारात येतो, आणि ‘मग’ आणखी पुढे सरकते. आजी मात्र थांबत नाहीत. वाडाही थांबत नाही. नव्या साधनाच्या हव्यासाने पैसा जातो, याची चिंता पालक करतात आणि ती रास्त आहे. पण अधिक मोठे नुकसान न काढलेल्या चित्रांचे आहे, आणि ते कोणत्याही हिशेबाच्या वहीत दिसत नाही.

मराठी माणसाचा कॅमेऱ्याशी संबंध जुना आहे, आणि या प्रश्नाचा विचार त्या इतिहासातून चांगला होतो. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर म्हणजे सावेदादा. मुंबईत त्यांचा छायाचित्रांचा व्यवसाय होता. १८९६ च्या जुलैत वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे दाखवली गेली, ती त्यांनी पाहिली आणि लंडनहून २१ गिनींना चलच्चित्रांचा कॅमेरा मागवला. १८९९ साली त्यांनी हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपली. १९०१ च्या डिसेंबरात रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले, तेव्हाचे त्यांचे स्वागतही टिपले. आरंभी फिल्म धुण्यासाठी लंडनला पाठवावी लागे. आपण काय टिपले आहे हे कळायला जहाजाच्या जाण्यायेण्याएवढा धीर धरावा लागे. तरीही सावेदादा समोर घडणाऱ्या गोष्टी टिपत राहिले. कुस्ती, माकडांचा खेळ, मिरवणूक, यांतल्या कशासाठीही त्यांना आणखी मोठ्या यंत्राची वाट पाहावी लागली नाही.

दादासाहेब फाळक्यांचे उदाहरण वरवर याच्या उलट दिसते. नवे साधन मिळवण्यासाठी त्यांनी विम्याची पॉलिसी गहाण ठेवली आणि १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले. मग समाधानाच्या गोष्टीत त्यांचे काय काम, असा प्रश्न एखादा चौकस विद्यार्थी विचारील आणि त्याने तो विचारावाच. उत्तर क्रमात आहे. फाळके त्याआधी चित्रकला शिकले होते, छायाचित्रण करीत होते, छपाईच्या व्यवसायात होते. काय करायचे हे आधी ठरले, नेमके कशावाचून अडते आहे हे नंतर कळले, आणि तेवढ्यासाठीच खर्च झाला. विल्यमसन कॅमेरा, फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र आणि कोडॅकची कच्ची फिल्म एवढ्याची व्यवस्था करून ते परत आले. आल्यावर पैसे देणाऱ्यांचा विश्वास बसेना. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा त्याच्यासमोर एका जागी ठेवला. दिवसांमागून दिवस थोडी थोडी फिल्म फिरवून त्यांनी ‘अंकुराची वाढ’ हे छोटे चित्र तयार केले. भव्य देखावा नाही, नट नाहीत, प्रवास नाही, फक्त एक रोपटे. त्या रोपट्याने भांडवल मिळवून दिले. दादरच्या घरात सरस्वतीबाई फिल्मला छिद्रे पाडत आणि ती धूतही असत. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. साधन थोडे होते, पण त्यातला एकही भाग घरात नुसता पडून नव्हता.

कोल्हापूरची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. आनंदराव आणि बाबुराव हे पेंटर बंधू नाटकांचे पडदे रंगवून प्रसिद्ध झाले होते. मुंबईच्या जुन्या बाजारातून त्यांनी चित्रपट दाखवण्याचे यंत्र आणले आणि ते चालवता चालवता त्यांचा अभ्यास सुरू झाला. चित्रपट काढायचा तर कॅमेरा हवा, आणि तो काळ पहिल्या महायुद्धाचा. परदेशी माल मिळणे दुरापास्त. १९१६ मध्ये आनंदराव निवर्तले. पण बाबुरावांनी हाती घेतलेले काम सोडले नाही. यंत्रकामात हात बसलेल्या विष्णुपंत दामल्यांच्या साहाय्याने त्यांनी कॅमेराच घडवला. १९१८ च्या सुमाराला तो सिद्ध झाला आणि त्यावर चित्रित झालेला ‘सैरंध्री’ १९२० च्या फेब्रुवारीत पुण्याच्या आर्यन चित्रपटगृहात लागला. लोकमान्य टिळकांनी बाबुरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरवले. आज कोल्हापुरात खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे. कोल्हापूरला जाणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी अंबाबाईच्या दर्शनानंतर तोही पाहून यावा.

स्वतः घडवलेल्या यंत्राचा एक मोठा लाभ असतो. त्याचे चाक कुठे अडखळते, उजेड कुठून शिरतो, किती वेगाने दांडा फिरवला की चित्र हलत नाही, हे घडवणाऱ्याच्या हाताला माहीत असते. विकत घेतलेल्या कॅमेऱ्याशीही असाच परिचय होऊ शकतो. त्याला मात्र काळ लागतो, आणि दर दोन वर्षांनी कॅमेरा बदलणाऱ्याला तो काळ कधी मिळतच नाही. फ्रान्सचे आंरी कार्तिए-ब्रेसाँ १९४७ मध्ये भारतात आले आणि महात्माजींच्या अखेरच्या दिवसांची व अंत्ययात्रेची त्यांची छायाचित्रे जगभर गेली. त्यांनी आयुष्यातले बहुतेक काम छोटा लायका कॅमेरा आणि ५० मिलिमीटरचे एकच भिंग यांवर केले. एका भिंगाची सवय झालेल्या माणसाला कॅमेरा डोळ्याशी नेण्यापूर्वीच चौकट दिसू लागते. कुठे उभे राहायचे हे पायच ठरवतात. तीन भिंगे पिशवीत असलेला माणूस त्या वेळी पिशवी उघडत असतो.

हे सारे जबलपूरच्या मुलांनी आपल्या नर्मदेवर करून पाहावे. भेडाघाटला नावेत बसून संगमरवरी कड्यांमधून जाताना हाती साधा फोन असला तरी पुरतो, पण त्याचा स्वभाव ठाऊक हवा. पांढऱ्याशुभ्र दगडाने चौकट भरली की कॅमेऱ्याचे मोजमाप फसते आणि तो पांढऱ्याला करडे करून टाकतो. अशा वेळी उजेड थोडा वाढवून घ्यावा लागतो. उलट, सावलीतले काळसर पाणी चौकटीत जास्त आले की कॅमेरा आपणहून उजेड वाढवतो आणि दगडावरच्या साऱ्या रेषा पुसल्या जातात. भर दुपारी कडे सपाट दिसतात, तर सकाळच्या तिरप्या उन्हात त्यांच्या घड्या उठून येतात. धुआंधारला तुषार काचेवर बसतात, तेव्हा महागड्या भिंगापेक्षा खिशातला स्वच्छ सुती रुमाल अधिक उपयोगी. यातले काहीही विकत मिळत नाही. चार वेळा जाऊन, चुकून, पुन्हा जाऊन ते मिळते, आणि त्यासाठी शहर बसचे भाडे लागते.

गरज खरी असते तेव्हा ती नाकारूही नये. कान्हाच्या जंगलात गाडीतून उतरता येत नाही. दूरच्या झाडावरचा गरुड टिपायचा तर लांब पल्ल्याचे भिंगच हवे, तिथे समाधानाचा उपदेश व्यर्थ आहे. एखादी माजी विद्यार्थिनी छायाचित्रणावर पोट भरत असेल, तर तिच्या साधनांची किंमत तिने इतरांना समजावत बसण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो हातातल्या साधनाची एकही सीमा स्वतः न गाठता पुढच्याची आस धरणाऱ्याचा. ‘हा कॅमेरा कुठे कमी पडतो?’ या प्रश्नाचे उत्तर ज्याला स्वतःची दहा चित्रे दाखवून देता येते, त्याने खुशाल नवा घ्यावा. जाहिरात वाचून उत्तर देणाऱ्याला पालकांनी ‘सहा महिने थांब’ म्हणावे. तेवढ्यात बहुधा जाहिरात बदललेली असते.

जबलपूरकरांना यासाठी दूर पाहायची गरज नाही. अमृतलाल वेगड याच शहरात राहिले. शांतिनिकेतनात नंदलाल बोसांकडे शिकलेले हे कलाशिक्षक १९७७ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, पाठीवर थोडे सामान घेऊन नर्मदेच्या काठाने चालू लागले आणि पुढे वर्षानुवर्षे टप्प्याटप्प्याने चालत राहिले. वाटेत त्यांनी रेखाटने केली. घरी परतल्यावर मासिकांच्या रंगीत पानांचे तुकडे कापून, चिकटवून त्यांतून घाट, नावा, स्नान करणाऱ्या बायका उभ्या केल्या. रद्दीत जाणारा कागद हा त्यांचा रंग होता. आज त्यांतली कित्येक दृश्ये प्रत्यक्षात दिसायची नाहीत. बरगीच्या धरणाने काठच्या अनेक गावांसह जुनी परिक्रमेची वाट जलाशयाखाली नेली. वेगड अधिक चांगल्या साहित्याची वाट पाहत बसले असते तर पाणी आधी आले असते.

या शहरातल्या मराठी वस्तीचेही तसेच आहे. जुनी घरे एकेक करून विकली जात आहेत. मुले पुण्याला, बंगळुरूला, परदेशी गेली आहेत. ओसरीवरचा झोपाळा, गणपतीची आरास, संक्रांतीला गोळा झालेल्या बायका, चकलीचा सोऱ्या धरलेले हात, मराठी आणि हिंदी एकाच वाक्यात मिसळून बोलणाऱ्या आजी, यांचे चित्रण पुढच्या दहा वर्षांत झाले नाही तर ते कोणत्याही कॅमेऱ्याने होणार नाही.

म्हणून या प्रदर्शनाची चौथी भिंत रिकामी ठेवलेली आहे. तिच्यासाठी माजी विद्यार्थी आणि पालकांनी या दिवाळीपर्यंत घरातल्या ज्येष्ठांचे, घराचे आणि रोजच्या कामाचे प्रत्येकी एक छायाचित्र द्यावे. ते घरात आज असलेल्या कॅमेऱ्यानेच काढावे. फोनने काढलेले चालेल, जुन्या डिजिटल कॅमेऱ्याचे चालेल, कोणाकडे आजोबांचा क्लिक थ्री चालू स्थितीत असेल तर तो प्रथम कार्यालयात आणून दाखवावा, मुलांना तो पाहायचा आहे. दोन पावले मागे सरून घ्यावे, म्हणजे माणसासोबत घरही येईल. छापील प्रत द्यावी. मागच्या बाजूला शिसपेन्सिलने हलक्या हाताने डावीकडून उजवीकडे सर्वांची नावे, मोहल्ला आणि साल लिहावे. शाईचे पेन वापरू नये, ती पुढे उमटते. जुन्या आल्बममधल्या ज्या चित्रांवर नावे नाहीत, त्यांच्या प्रती प्रवेशद्वाराजवळच्या टेबलावर मांडल्या आहेत. चहापानाला जाण्यापूर्वी ज्येष्ठांनी त्या एकदा पाहाव्यात. १९७१ च्या स्नेहसंमेलनातल्या दुसऱ्या रांगेतल्या तीन मुली अजून ओळखल्या गेलेल्या नाहीत.